शुद्धिपत्र

आज डीननी पडद्यावर आलेख दाखवला:
राउहा केतोला, शोधनिबंध एकशे त्रेचाळीस,
दाखले अकरा हजार चारशे दोन.
रेघ डावीकडून निघते, नव्वद साली जराशी अडखळते,
मग जिना चढावा तशी चढत जाते, धाप न लागता.
टाळ्या झाल्या.
राउहा दुसऱ्या रांगेत बसून
वेलचीच्या पावावरची साखर बोटानं टिपत होती.

मी मागे होते, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी.
त्या जिन्याची एक पायरी पोकळ आहे,
हे खोलीत दोघींनाच माहीत.

फेब्रुवारी सत्त्याऐंशी, तुर्कू, उणे बावीस.
बारा निरोगी पुरुष: आठ विद्यार्थी, चार गोदीतले वेल्डर,
उपाशीपोटी प्रत्येकी एक पांढरी गोळी,
मग ठरल्या तासाला माझी सुई.
औषध रक्तात चढतं, माथ्यावर पोचतं, उतरू लागतं;
अर्धं उरतं, अर्ध्याचं अर्धं उरतं,
"साफ असं कधीच जात नाही," राउहा म्हणायची,
"फक्त आपल्या यंत्राला दिसेनासं होतं."

नववा माणूस ताइस्तो. भुवया ठिणग्यांनी जळालेल्या.
पहाटे त्यानं विचारलं, यातून भलं कोणाचं होणार?
मी म्हटलं, ज्याचं होईल त्याला तुझं नाव कळणार नाही.
तो हसला, दुसरा दंड पुढे केला.
त्या हसण्यात असेल, किंवा माझ्या झोपेत,
चार तासांची नळी सहाच्या खणात गेली
आणि सहाची चारच्या.

निबंध छापून आला.
नवव्या माणसाच्या रेघेला
उतरताना मध्येच एक दुसरं शिखर होतं, लहानसं.
लोकांना ते फार आवडलं.
कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं आतडं,
लायडनला म्हणे त्यावर एक परिसंवादही झाला.
ताइस्तोच्या पोटात काहीच नव्हतं.
जे होतं ते माझ्या हातात होतं.

तीन वर्षांनी तिनं मला बोलावलं.
टेबलावर शीतपेटीची वही, तिच्याशेजारी पिवळी पडलेली चिठ्ठी.
"हे अक्षर तुझं?"
"माझं."
तिनं कॉफी ठेवली. बाहेर आउरा नदीचा बर्फ
कुणीतरी दार लोटावं तसा करकरत होता.
माझी नोकरी गेली असं धरून मी दोन कप प्याले.

शुद्धिपत्र सहा ओळींचं निघालं.
"नमुन्यांच्या क्रमात चूक झाली होती."
झाली होती.
कोणाकडून, ते नाही. खाली सही एकटीची.
व्याकरणात एवढी दया असते
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तेव्हा त्या निबंधाला दोनशे दाखले होते.
आता सहाशे अकरा. शिखर अजून वाढतंय.
शुद्धिपत्राला चार.
त्यातले तीन तिनं स्वतःच दिलेले,
चौथा औलूच्या एका मुलीचा, लहान मुलांच्या मात्रेबद्दल,
अडतिसाव्या क्रमांकावर,
आणि त्यातही नाव चुकलंय: केतोलाचं केतुला.
मी दर जानेवारीत बघते. पाचवा नाही.

एकोणतीस निबंधांच्या शेवटी, बारीक टायपात,
टी. वाइनिओ यांच्या साहाय्याबद्दल आभार.
ऋणनिर्देशाची बेरीज कोणी करत नाही,
बरंच आहे. माझं ऋण उलट्या बाजूचं.

डीननी तिला बोलायला सांगितलं.
ती उठली, पडद्याकडे बघून म्हणाली,
"यातून सहाशे अकरा वजा करा."
सगळे हसले. केवढा विनय, शेजारची बाई म्हणाली.
डीननी पुन्हा टाळ्या सुरू केल्या.
राउहानं एकदा, ओझरतं, खुंट्यांकडे पाहिलं.

मी डावा हातमोजा
उजव्या हातात घालत होते.